शरीर जिचे, निर्णय तिचा

चौदा ऑक्टोबर ही तारीख नागपूरकरांना वेगळी सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ते मैदान दीक्षाभूमी झाले. त्याआधी बरोबर तीन वर्षे, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथ धोंडो कर्वे यांचे निधन झाले होते. ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्याच बाबासाहेबांनी वकील म्हणून त्यांची बाजू मांडली होती. मूल हवे की नको, हवे तर केव्हा आणि किती, हे स्त्रीने ठरवायचे, कारण शरीर तिचे आहे, हा विचार कर्व्यांनी महाराष्ट्रात मांडला. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, दंड भरले आणि आयुष्यभर टिंगल सोसली. आज गर्भपाताच्या कायद्यावर आणि नीतीवर बोलताना त्यांचे नाव क्वचितच निघते. खरे तर त्या चर्चेचा पाया त्यांनीच घातला.

बाळंतपणात गेलेली आई

रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातल्या मुरुडचा. पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील, तर राधाबाई या आई. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, राधाबाईंचा बाळंतपणात मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस होते.

त्या काळात ही बातमी कोणाला नवलाची वाटली नसती. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारी भरवशाची औषधे नव्हती. रक्तपेढ्या नव्हत्या. जंतुसंसर्ग झाला तर त्यावर इलाज नव्हता. सल्फा औषधे आली ती १९३० च्या दशकात आणि पेनिसिलिन त्यानंतर. शिवाय लग्ने लहान वयात होत आणि बाळंतपणे एकामागून एक येत. पहिल्या बाळंतपणातली झीज भरून निघण्याआधीच दुसरे पोटात असे. दोन मुलांमध्ये पुरेसे अंतर असणे हा आईचा जीव वाचवणारा उपाय आहे, हे आज आरोग्यसेविकाही घरोघरी सांगते. तेव्हा ते सांगणारे कोणी नव्हते, आणि अंतर राखण्याचे साधनही घरात नव्हते.

आईच्या मृत्यूमुळेच रघुनाथ पुढे या कामाकडे वळले, असा सरळ हिशेब मांडणे सोपे आहे. माणसाचे आयुष्य मात्र इतक्या सरळ रेषेत जात नाही. पण ज्या घरात ते वाढले त्या घराचा परिणाम नाकारता येणार नाही. १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या मंडळींनी त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये धोंडो केशवांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. हिंगण्याची संस्था त्यातूनच उभी राहिली. विधवांचे प्रश्न या घरात रोजच्या बोलण्यातले होते.

त्या प्रश्नांतला सर्वांत अवघड प्रश्न गर्भाचा होता. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, पण उच्चवर्णीय समाजाने तो मनावर घेतला नव्हता. दहाबारा वर्षांची मुलगी विधवा होई आणि उरलेले आयुष्य दिराच्या नाहीतर भावाच्या घरात काढी. घरातल्याच एखाद्या पुरुषाकडून तिला दिवस गेले की तिच्यापुढे तीनच वाटा उरत: चोरून गर्भ पाडणे, जन्मलेल्या मुलाचा जीव घेणे किंवा स्वतःचा जीव देणे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला होता. कलम ३१२ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. स्त्रीने स्वतः गर्भ पाडला तर तीही गुन्हेगार ठरे. अपवाद एकच, तिचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात. तिला या अवस्थेत आणणाऱ्या पुरुषाचा मात्र या कलमात कुठेच उल्लेख नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले ते याच कोंडीतून स्त्रियांना सोडवण्यासाठी. तेथे येऊन बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

फुल्यांनी आणि धोंडो केशवांनी संकटात सापडलेल्या स्त्रीला आसरा दिला. हे संकट येण्यापूर्वीच टाळता येईल का, असा पुढचा प्रश्न रघुनाथ यांनी विचारला.

गणिताचे प्राध्यापक

रघुनाथ अभ्यासात हुशार होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. १९०४ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. ए. झाले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक म्हणून काम करू लागले. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या अधिक अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच त्यांना उत्तम येत असे. लैंगिक विज्ञान आणि संततिनियमन या विषयांवर युरोपात जे लिहिले जात होते, ते त्यांनी मुळातून वाचले.

तो काळ या विषयाच्या दृष्टीने घडामोडींचा होता. अॅमस्टरडॅममध्ये अॅलेटा जेकब्ज या डॉक्टर स्त्रीने १८८२ मध्ये, म्हणजे कर्व्यांच्या जन्माच्याच वर्षी, स्त्रियांना गर्भधारणा टाळण्याचा सल्ला आणि साधने द्यायला सुरुवात केली होती. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये केंद्र उघडले, ते पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले आणि सँगर तुरुंगात गेल्या. मार्च १९२१ मध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये केंद्र सुरू केले. त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले हे पहिले केंद्र मानले जाते. लंडन आणि मुंबई यांच्यात या एका बाबतीत काही महिन्यांचेच अंतर होते.

या कामात त्यांच्या पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबरीने होत्या. स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही, असे दोघांनी ठरवले आणि ते पाळले. लोकांना एक सांगायचे आणि घरात दुसरे करायचे, हे त्यांना जमणारे नव्हते. बिनमुलाच्या बाईला लोक काय म्हणत, हे इथे वेगळे सांगायला नको. मालतीबाईंनी ते सगळे सोसले.

साधने होती, माहिती नव्हती

शंभर वर्षांपूर्वी कर्वे लोकांना नेमके काय देऊ शकत होते? गर्भनिरोधक गोळी अजून चाळीस वर्षे दूर होती. अमेरिकेत तिला १९६० मध्ये परवानगी मिळाली. तांबी त्याहूनही नंतरची. पण काही साधने उपलब्ध होती. पुरुषांसाठी रबरी निरोध होता. स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबरी टोपी होती, शुक्रजंतू मारणारी रसायने होती. ही साधने महाग होती, परदेशातून येत आणि कशी वापरायची ते समजावून सांगावे लागे. टोपी तर प्रत्येक स्त्रीच्या मापाची लागते.

साधनांपेक्षा मोठी अडचण अज्ञानाची होती, आणि ती सामान्य माणसांपुरती मर्यादित नव्हती. महिन्यातले कोणते दिवस गर्भधारणेचे, याबाबत त्या काळी डॉक्टरांचीही गैरसमजूत होती. पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेला अनुकूल आणि दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित, असे अनेक डॉक्टर सांगत. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडते, हे जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले. तोवर कितीतरी जोडप्यांनी डॉक्टरांचा सल्ला तंतोतंत पाळला असेल आणि तरीही बाईला दिवस गेले असतील.

अशा वेळी जाणकाराने तोंड उघडणे हीच आरोग्यसेवा होती. कर्व्यांनी १९२३ मध्ये संततिनियमनावर मराठीत पुस्तक लिहिले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही लिहिले. भाषा सरळ होती. जे अवयव आहेत त्यांची नावे घ्यायची, जे घडते ते जसेच्या तसे सांगायचे, ही गणिताच्या माणसाची पद्धत त्यांनी या विषयालाही लावली. पांढरपेशा समाजाला सर्वांत जास्त खुपली ती हीच गोष्ट.

ते त्या वेळी मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवत होते. मिशनऱ्यांनी चालवलेल्या त्या महाविद्यालयाला आपल्या प्राध्यापकाचा हा प्रचार मानवणे शक्यच नव्हते. प्रचार सोडा किंवा नोकरी, अशी वेळ आली. १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. चांगल्या पगाराची, मानाची नोकरी सोडून ज्या कामात पैसा नाही आणि प्रतिष्ठाही नाही, त्याच कामाला त्यांनी उरलेले आयुष्य दिले.

‘समाजस्वास्थ्य’

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. व्यक्तीचे आणि समाजाचे शारीरिक व मानसिक आरोग्य हा त्याचा विषय. लैंगिक शिक्षण, संततिनियमन, गुप्तरोग, आहार, विवाहसंस्था, धर्माच्या नावाखाली चालणारे शोषण या सगळ्यावर त्यात लिहिले जाई. मासिक चालवणे म्हणजे घरचे खाऊन लष्करच्या भाकरी भाजणे होते. तरीही ते सव्वीस वर्षे निघत राहिले. शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा, म्हणजे संपादकाच्या मृत्यूनंतर आलेला.

मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. आज वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत असे सदर नेहमीचे झाले आहे. तेव्हा हे प्रश्न घरात, शाळेत किंवा दवाखान्यात विचारता येत नसत. हस्तमैथुनाने शरीर खंगते, वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे अमुक इतके थेंब, या समजुती पक्क्या होत्या आणि त्यांच्या भीतीने तरुण मुले आजारी पडत. त्यात तथ्य नाही, असे कर्वे स्पष्ट लिहीत. समलिंगी संबंधांबद्दल प्रश्न आला तर त्यालाही पाप किंवा शिक्षेची भाषा न वापरता उत्तर देत. स्त्रीलाही पुरुषाइतकीच कामेच्छा असते आणि शरीरसुखावर तिचाही तितकाच हक्क आहे, असे ते म्हणत. संततिनियमन मान्य करणाऱ्यांपैकी अनेकांनाही हे शेवटचे विधान पेलवत नसे. कारण बाकीचे लोक संततिनियमनाकडे गरिबी आणि लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून पाहत होते. कर्व्यांच्या लेखी ते बाईला मोकळे करण्याचे साधन होते.

व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला. त्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, तो वाचकांना दिलेल्या उत्तरांबद्दल. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांविषयी वैज्ञानिक माहिती देणे हाच गुन्हा ठरवला गेला होता.

या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडली ती बॅरिस्टर आंबेडकर यांनी. गोलमेज परिषदा, पुणे करार, अस्पृश्यांच्या हक्कांची लढाई या सगळ्याच्या ऐन गदारोळात त्यांनी हा खटला घेतला. ज्याचा पक्ष घेतल्याने एकही मत मिळणार नव्हते, अशा माणसाचा हा खटला होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. असे विकृत प्रश्न छापायचेच कशाला, या आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले की विकृती असेलच तर ती ज्ञानानेच दूर होईल. हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकांच्या संशोधनाचे दाखले त्यांनी दिले. न्यायालयाला ते पटले नाही. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढच्या महिन्यात मासिक निघाले ते पूर्वीसारखेच.

वर्धा, मुंबई, नागपूर

विरोध फक्त सनातन्यांचाच होता, असे मानणे चुकीचे ठरेल. त्या काळातला सर्वांत वजनदार विरोध महात्मा गांधींचा होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर नागपूरपासून जवळच असलेल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या आणि दोघांची सविस्तर चर्चा झाली. पत्नीला पतीला नकार देता आला पाहिजे, तिचे शरीर ही पतीची मालमत्ता नाही, हे गांधीजींना मान्य होते. त्यांचा उपाय मात्र संयमाचा होता. कृत्रिम साधनांमुळे माणूस भोगाला मोकळा होईल, अशी भीती त्यांना वाटत होती. कर्व्यांना हा उपाय स्त्रीच्या दृष्टीने पोकळ वाटे. ज्या घरात तिला साधे बोलायची सोय नाही, तिथे ती रात्री नकार कसा देणार? आणि पुरुषाने संयम पाळला नाही तर त्याची शिक्षा भोगायची कोणी? गांधीजींवर त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’मधून कठोर टीका केली. त्या काळी असे लिहिणे लोकप्रिय होण्याचा मार्ग मुळीच नव्हता.

खटला हरला तरी वकिलाने विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागे आंबेडकर होते. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीच्या शरीराची होणारी हानी हा त्या मांडणीतला महत्त्वाचा मुद्दा होता. ठराव फेटाळला गेला. चार वर्षांनी हाच विचार नागपुरात आला. २० जुलै १९४२ रोजी येथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना मुलींची लग्ने घाईने उरकू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण होऊन राहा, असे सांगितले. मुंबईत ज्या विषयावर लिहिल्याबद्दल दंड झाला होता, तो नागपुरात कष्टकरी बायकांच्या भर सभेत उघडपणे बोलला गेला.

१९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश मानला जातो. कर्वे तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते गेले. भारतरत्न मिळालेले वडील त्यांच्यानंतर नऊ वर्षे जगले आणि शंभरी पार करून गेले.

न झालेली चर्चा

कर्व्यांचे काम गर्भधारणा टाळण्याचे होते. विरोधक मात्र संततिनियमनालाच भ्रूणहत्या म्हणत. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. निरोध किंवा टोपी शुक्रजंतू आणि स्त्रीबीज यांची भेटच होऊ देत नाही. गर्भपातात रुजलेला गर्भ काढला जातो. नैतिक प्रश्नही त्यामुळे वेगळा होतो. गर्भात वाढणाऱ्या जिवाला काही मोल आहे, आणि गर्भ वाढत जातो तसे ते मोलही वाढते, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. ही भावना चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. पण त्याच पोटात तो गर्भ वाढवणारी एक जिवंत, विचार करणारी स्त्री आहे. तिच्या इच्छेविरुद्ध तिच्या शरीराने नऊ महिने हे ओझे वाहावे, असे सांगण्याचा अधिकार कोणाला, हा दुसरा प्रश्न पहिल्या प्रश्नामुळे पुसला जात नाही. आणि कायद्याने बंदी घातली म्हणून गर्भपात थांबत नाहीत, ते अंधारात जातात, हा अनुभव १८६० पासूनचा आहे. अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातात जंतुसंसर्गाने आणि रक्तस्रावाने किती स्त्रिया गेल्या, त्याची मोजदाद कोणी केली नाही.

हा प्रश्न सरकारने गांभीर्याने घेतला तो १९६४ मध्ये. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला आणि त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. स्त्रीच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग आणि गर्भनिरोधक साधन अयशस्वी होणे, या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर झाला. पण साधन अयशस्वी झाल्याचे कारण फक्त विवाहित स्त्रीलाच देता येत होते. निर्णयही पूर्णपणे स्त्रीच्या हाती आला नाही; तो डॉक्टरांच्या मतावर ठेवला गेला.

नंतर चार-पाच वर्षांत चित्र भलतीकडेच गेले. आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले कुटुंबमर्यादेचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. ज्या मुंबईत मूल टाळण्याची माहिती देणाऱ्याला दंड झाला होता, त्याच मुंबईत बेचाळीस वर्षांनी मूल होऊ न देण्याची सक्ती करणारे विधेयक संमत झाले. दोन्ही टोकांना चूक एकच होती. ज्याचे शरीर, त्याला विचारलेच गेले नाही. कर्व्यांच्या काळच्या संततिनियमन चळवळीत सुप्रजननाचा, म्हणजे कोणी मुले जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत हे समाजाने ठरवण्याचा विचारही मिसळलेला होता. त्या विचाराची वाट शेवटी सक्तीकडेच जाते, हे १९७६ ने दाखवून दिले. गर्भलिंग तपासून मुलींचे गर्भ पाडणे ही तिसरी विकृती. त्यावर १९८८ मध्ये महाराष्ट्राने आणि १९९४ मध्ये देशाने कायदा केला. तो कायदा गर्भलिंग निदानाविरुद्ध आहे, गर्भपाताविरुद्ध नाही. या दोन्हींची गल्लत झाल्याने कायदेशीर गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीलाही आजही काही वेळा परत पाठवले जाते.

आजचा कायदा काय सांगतो

२०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. वीस ते चोवीस आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही सवलत ठराविक गटांतील स्त्रियांना आहे. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. इतर प्रकरणांत चोवीस आठवडे उलटले की सहसा न्यायालयात जावे लागते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही अशा याचिका येतात. साधन अयशस्वी झाल्याच्या कारणात आता विवाहित हा शब्द उरलेला नाही. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा हा हक्क आहे, असे स्पष्ट केले. या कायद्यापुरती पतीने केलेली जबरदस्ती हा बलात्कारच मानावा, असेही सांगितले.

अठरा वर्षांवरील सज्ञान स्त्रीसाठी फक्त तिची स्वतःची संमती पुरेशी आहे. पती, सासू किंवा वडील यांची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. सुरुवातीच्या नऊ आठवड्यांत गोळ्यांनी गर्भपात करता येतो, पण तो डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेतल्या आणि गर्भ नलिकेत असला किंवा गर्भपात अपुरा राहिला, तर जिवावर बेतू शकते. भरपूर रक्तस्राव, ताप, पोटात असह्य दुखणे किंवा चक्कर आली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. शासकीय रुग्णालयांत ही सेवा मिळते. या चौकटीबाहेरचा गर्भपात मात्र अजूनही गुन्हाच आहे. १८६० चे कलम गेले, पण तीच तरतूद जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे.

वीस ते चोवीस आठवड्यांच्या यादीत एक गट सहज नजरेतून सुटतो. गर्भारपणातच जिची वैवाहिक स्थिती बदलली, म्हणजे जिचा घटस्फोट झाला किंवा जी विधवा झाली, त्या स्त्रीचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. मुरुडच्या कर्व्यांच्या घरात ज्यांच्याविषयी बोलले जाई, त्या विधवांना गर्भ राहिला की कायदा त्यांना गुन्हेगार म्हणून शोधत येई. आज पोटात गर्भ असताना विधवा झालेली बाई रुग्णालयात जाते तेव्हा पुढे काय करायचे, हे कायद्याने तिलाच विचारायचे असते. ती मूल ठेवील किंवा ठेवणार नाही. ‘समाजस्वास्थ्य’ची सव्वीस वर्षे या एका प्रश्नासाठीच खर्ची पडली होती.